दोन वर्षं मिलिटरीच्या हातात द्या देश

मंडळी, गाडी तीन तास लेट झाली, किंवा एका दाखल्यासाठी कचेरीत चौथी खेप पडली, की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर येतं. 'दोन वर्षं मिलिटरीच्या हातात द्या हा देश, सुतासारखा सरळ होईल.' असं म्हणणारा माणूस दुष्ट नसतो, वैतागलेला असतो. मीही तरुणपणी म्हटलंय. ज्यांनी आयुष्यात एकदाही म्हटलं नसेल त्यांनी हात वर करा. दोन हात दिसतायत, त्यातला एक आयोजकांचा आहे.

आपल्या शेजाऱ्यांना, म्हणजे पाकिस्तानला, हे नुसतं म्हणून थांबावं लागलं नाही. १९५८ साली अयूब खान, १९६९ साली याह्या खान, १९७७ साली झिया उल हक आणि १९९९ साली परवेझ मुशर्रफ. झिया नव्वद दिवसांत निवडणुका घेतो म्हणून आले आणि अकरा वर्षं बसले. मुख्य मार्शल लॉ प्रशासक या त्यांच्या हुद्द्याची इंग्रजी आद्याक्षरं सीएमएलए. लोक त्याची फोड 'कॅन्सल माय लास्ट अनाउन्समेंट' अशी करायचे. चौघांवरही बोलायला घेतलं तर हा माईक काढून घेतील, म्हणून मी शेवटचा धरतो. मुशर्रफ म्हटलं की आपल्याला कारगिल आठवतं. आज तो चष्मा जरा बाजूला ठेवू, कारण लाहोरच्या दुकानदारानं त्यांना कुठल्या चष्म्यातून पाहिलं हा आपला विषय आहे.

१२ ऑक्टोबर १९९९. मुशर्रफ कोलंबोहून कराचीला येणाऱ्या प्रवासी विमानात होते. ते हवेत असतानाच पंतप्रधान नवाझ शरीफनी त्यांना लष्करप्रमुखपदावरून काढलं आणि विमान कराचीत उतरू द्यायचं नाही असा हुकूम सोडला. टाकीतलं इंधन संपत आलेलं, आत जवळपास दोनशे माणसं. तोवर लष्करानं विमानतळ ताब्यात घेतला आणि विमान उतरलं. तिकडे इस्लामाबादेत टीव्ही केंद्राच्या बंद फाटकावरून सैनिक चढून आत उड्या मारत होते. पहाटे तीनच्या सुमाराला मुशर्रफ पडद्यावर आले. अंगात कमांडोचं ठिपक्यांचं जाकीट. ते मागून घेतलेलं होतं आणि टेबलाखाली त्यांची साधी पँट होती, हे पुढे त्यांनी स्वतःच सांगितलंय. ही गोष्ट लक्षात ठेवा, वर्दीचा प्रश्न आपल्याला शेवटपर्यंत पुरणार आहे.

दुसऱ्या दिवशी लाहोरात मिठाई वाटली गेली. लाहोर म्हणजे नवाझ शरीफांचं घर! अडीच वर्षांपूर्वी ज्यांना दोन तृतीयांश बहुमत दिलं, ते गेले म्हणून पेढे. का? १९९७ मध्ये त्यांच्या पक्षाचे लोक थेट सुप्रीम कोर्टात घुसले होते. मे १९९८ मध्ये अणुचाचण्या झाल्या आणि त्याच दिवशी बँकांमधली परकीय चलनाची खाती गोठवली गेली. आखातात घाम गाळून पाठवलेले, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले डॉलर एका रात्रीत अडकले. तिथला मध्यमवर्ग हे विसरला नव्हता. त्यातून नव्या साहेबांनी मार्शल लॉ हा शब्दच टाळला. पदाचं नाव घेतलं 'चीफ एक्झिक्युटिव्ह'. जणू देश ही तोट्यातली कंपनी आणि हे आलेत ती फायद्यात आणायला. दोन काखेत दोन कुत्र्याची पिल्लं धरून त्यांनी फोटो काढून घेतला. दाढीवाले चिडले, इंग्रजी वाचणारे खूश झाले.

न्याय करायचा तर पूर्ण करू. त्यांच्याच काळात खासगी वृत्तवाहिन्या निघाल्या. स्थानिक संस्थांत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेचा पैसा आला, कर्जावर गाड्या आल्या. पहिली काही वर्षं पोटाला चिमटा बसला म्हणून कोणी रागावलं असं नाही. रागाची सुरुवात दुसरीकडेच, एका शेतात झाली, आणि तिकडे शहरातल्या माणसाचं लक्षही नव्हतं.

पंजाबात ओकारा नावाचा जिल्हा आहे. इंग्रजांनी कालवे काढले तेव्हा तिथं घोड्यांसाठी, दूधदुभत्यासाठी लष्करी फार्म काढले. जंगल तोडून जमीन कसायला माणसं आणून वसवली, मुसलमान आणि ख्रिस्तीही. पिकाचा अर्धा वाटा फार्मला, अर्धा कुळाला. त्याला तिथं बटाई म्हणतात, आपणही म्हणतोच. तीन-चार पिढ्या हे चाललं. २००० साली लष्करानं कुळांना सांगितलं, बटाई बंद, आता रोख ठेका. कागदावर अंगठे करा. आपल्याकडे ज्यांच्या घरात कूळकायदा शिरलेला आहे, मग वरच्या बाजूनं असो की खालच्या, त्यांना यातली मेख लगेच कळेल. वाट्यानं कसणाऱ्याला तिथं कायद्याचं संरक्षण असतं. ठेक्यानं घेणारा मुदत संपली की बाहेर. ओकाऱ्याच्या अडाणी माणसांनाही ती कळली. त्यांनी अंगठे दिले नाहीत. आणि कागद शोधायला लागल्यावर निघालं काय, तर जमीन मुळात लष्कराची नाहीच! मालक पंजाब सरकार. म्हणजे लष्कर स्वतःच कूळ, आणि तेही खंड थकवलेलं कूळ.

'मालकी या मौत' ही त्यांची घोषणा. गावांना निमलष्करी रेंजर्सनी वेढे घातले, पाणी तोडलं, फोन तोडले, गोळीबारात माणसं गेली. बायका पुढे आल्या त्या कपडे बडवायची लाकडी धोपाटणी घेऊन. त्या धोपाटण्याला तिकडे थापा म्हणतात, म्हणून त्यांचं नाव पडलं थापा फोर्स. बंदुकीसमोर धोपाटणं घेऊन उभी राहिलेली बाई डोळ्यांसमोर आणा. तिला लोकशाही हवी होती की नाही मला माहीत नाही. सीमेवर असायला हवा तो शिपाई आपल्या गव्हात का उभा आहे, एवढंच तिला विचारायचं होतं.

शहरातल्या माणसाला हाच प्रश्न हळूहळू पडत गेला. फौजी आणि अस्करी ही लष्कराच्या कल्याणसंस्थांच्या कंपन्यांची नावं. शेतात टाकायचं खत फौजी, घराला सिमेंट फौजी नाहीतर अस्करी, खातं अस्करी बँकेत, सकाळच्या बशीत मक्याचे पोहे तेही फौजीचे, आणि प्लॉट घ्यायचा तर लष्कराच्याच डिफेन्स वसाहतीत. पंजाब विद्यापीठात कुलगुरूच्या खुर्चीवर निवृत्त लेफ्टनंट जनरल. बाजारातली लबाडी मोडायला बोलावलेल्या फौजदारानंच बाजारात गाळे घ्यावेत, तसं झालं. एप्रिल २००२ मध्ये मुशर्रफनी आपल्या राष्ट्राध्यक्षपदासाठी सार्वमत घेतलं. समोर उमेदवारच नाही, आणि होकार सत्त्याण्णव टक्क्यांच्या वर. मग २००४ च्या अखेरीस वर्दी उतरवतो असा शब्द दिला, आणि तारीख आल्यावर फिरवला. माझी समजूत अशी आहे की लोकांनी सार्वमत हसण्यावारी नेलं, पण हा मोडलेला शब्द नाही.

९ मार्च २००७ ला मुशर्रफनी सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरींना रावळपिंडीच्या आर्मी हाउसमध्ये बोलावून राजीनामा मागितला. चौधरी कोणी संत नव्हते. लष्करानं पुढं केलेली शपथ त्यांनी घेतली होती, आणि २००० साली बंडाला कायदेशीर ठरवणाऱ्या खंडपीठात ते स्वतः होते. पण सरकारी स्टील मिलच्या विक्रीला त्यांच्या कोर्टानं लगाम घातला होता, आणि गुप्तचरांनी उचलून नेलेली माणसं कुठं आहेत हे ते विचारायला लागले होते. त्या दिवशी गणवेशातले जनरल समोर बसलेले, पाचएक तास गेले, आणि हा माणूस 'नाही' म्हणाला. सरकारनं त्या भेटीचा फोटो मोठ्या हौसेनं प्रसिद्ध केला. एकीकडे वर्दीतले मुशर्रफ, दुसरीकडे काळ्या कोटातले चौधरी. असा फोटो आपणहून छापायला देणाऱ्या अधिकाऱ्याला मी कधीतरी भेटू इच्छितो. चारच दिवसांनी चौधरी घरातून कोर्टाकडे चालत निघाले तेव्हा पोलिसांनी त्यांचे केस धरून गाडीत कोंबलं. त्याचाही फोटो आला, आणि मुशर्रफनीच परवानगी दिलेल्या वाहिन्यांनी पुढचं सगळं घराघरांत दाखवलं.

५ मे रोजी चौधरी इस्लामाबादेहून लाहोरला निघाले, वकील एतजाझ अहसान गाडी चालवत होते. चार-पाच तासांचा जीटी रोड, त्याला जवळजवळ पंचवीस तास लागले. गावोगाव रात्रभर लोक फुलं घेऊन उभे. आठवड्यानं, १२ मे ला, ते कराचीला गेले. कराची १९३६ पर्यंत आपल्याच मुंबई इलाख्यात होती, आणि तिथल्या जुन्या बंदर रोडवरच्या सरकारी शाळेला अजून नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाचं नाव आहे. असो. त्या दिवशी कराचीचे रस्ते कंटेनर आणि ट्रक आडवे लावून अडवले होते. चौधरी विमानतळाबाहेर पडू शकले नाहीत. शहरात चाळीसहून जास्त माणसं मेली, पोलीस जागचे हलले नाहीत. आणि संध्याकाळी इस्लामाबादेत ढोल वाजवत मुशर्रफांची सभा झाली, कराचीत दिसली ती लोकांची ताकद, असं ते त्या सभेत म्हणाले.

पुढचं भराभर सांगतो. ३ नोव्हेंबरला आणीबाणी, वाहिन्या बंद, वकील तुरुंगात. २८ नोव्हेंबरला वर्दी एकदाची उतरली. २७ डिसेंबरला बेनझीर भुट्टोंची हत्या. जानेवारीत पिठासाठी रांगा, वर भारनियमन. १८ फेब्रुवारी २००८ च्या निवडणुकीत मुशर्रफांचा पक्ष साफ झाला, १८ ऑगस्टला ते स्वतः गेले. आणि हो, तेव्हाही मिठाई वाटली.

आत्ता एक चिठ्ठी आली आहे. 'मग पाकिस्तानी जनतेचा लष्करावरचा विश्वास तेव्हाच उडाला का?' छान प्रश्न आहे. उत्तर, नाही. नवे लष्करप्रमुख कयानी यांनी मुलकी खात्यांतले अधिकारी परत बोलावले, आणि राग मुशर्रफांच्या नावे जमा होऊन संस्था मोकळी झाली. २०१६ च्या जुलैत कराची, लाहोर, रावळपिंडीत तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल राहील शरीफांचे फोटो लावलेले फलक झळकले, 'खुदा के लिए अब आ जाओ'. त्याच वर्षी ओकाऱ्यात कुळांच्या पुढाऱ्यांना दहशतवादविरोधी कायद्याखाली पकडलं.

निराळं घडलं ते ९ मे २०२३ ला. माजी पंतप्रधान इम्रान खानना अटक झाली आणि लाहोरात जमाव लष्कराच्या कोअर कमांडरच्या बंगल्यात घुसला. पूर्वी लोक सरकारविरुद्ध उठून लष्कराकडे बघायचे. या वेळी लष्कराच्याच फाटकातून आत गेले, तेही कोणी जनरल गादीवर नसताना. बंगला जाळला. ते चूकच होतं. पुढे लष्करी न्यायालयांनी ८५ नागरिकांना दोन ते दहा वर्षांच्या शिक्षा दिल्या, त्याबद्दलचं माझं मत प्रश्नोत्तरांत सांगेन. मला आठवतो तो त्या गर्दीतला एक माणूस. बंगल्याच्या बागेतला मोर काखोटीला मारून तो निघाला होता. कॅमेऱ्यावाल्यानं हटकलं. तो जराही ओशाळला नाही, म्हणाला, हा जनतेच्या पैशाचा आहे, परत घेऊन चाललोय.