यंत्राच्या नावाने नको, नंबराने पार्ट शोधा

नमस्कार. लॉन मोअर किंवा ब्रश कटर (झुडपं कापायचं यंत्र) बंद पडला की बहुतेक जण यंत्राचं नाव सांगून पार्ट मागतात, आणि तिथेच खर्च वाढतो. बेअरिंग, ऑइल सील (तेल गळू न देणारी रबरी कडी), प्लग, कार्ब्युरेटर हे यंत्राची कंपनी बहुधा बाहेरूनच घेते. म्हणून आधी पार्टवर काय कोरलंय ते वाचा.

(बेअरिंग कॅमेऱ्यासमोर धरून) हे पुसलं की कडेला दिसतं: ६२०३-२आरएस. ६२०३ म्हणजे आतला व्यास १७ मिमी, बाहेरचा ४०, जाडी १२. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील; धुळीत चालणाऱ्या यंत्राला हेच हवं. एवढा नंबर पुरे, यंत्र कुठलं हे सांगायचीही गरज नाही. ऑइल सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे असतात.

आता चेनसॉची चेन. नुसती बारची (जिच्याभोवती चेन फिरते त्या पट्टीची) लांबी सांगून चेन घेऊ नका. पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची) संख्या, तिन्ही लागतात. बारवरचे आकडे झिजले असतील तर सलग तीन रिव्हेटांचं अंतर मोजा, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत. त्याचं निम्मं म्हणजे पिच. गेज म्हणजे ड्राइव्ह लिंकची जाडी: १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिमी. कॅलिपरनेच मोजा, कारण जाड चेन खाचेत बसत नाही आणि बारीक घातली तर डोलते, काप तिरका जातो.

सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते कार्ब्युरेटरमध्ये. इंजिन सुरू होतं, पण रेस दिली की गुदमरतं? अख्खा कार्ब्युरेटर घेण्याआधी उघडून डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, बोटाने दाबून बघा. कडक, कागदासारखा वाजत असेल तर तो गेला. कार्ब्युरेटरच्या अंगावरचा मॉडेल नंबर बघून त्याचं किट मागवा. वॉलब्रो कंपनीच्या डब्ल्यूटी प्रकारात मीटरिंग बाजूला (जिथे इंधनाचं प्रमाण ठरतं) कार्ब्युरेटरच्या अंगाला लागून आधी गॅस्केट (सांधा बंद करणारी पातळ चकती), मग डायफ्राम. पंपाच्या बाजूला (जिथून इंधन आत ओढलं जातं) उलट, आधी डायफ्राम. हा क्रम चुकला तर नवं किट घालूनही इंजिन नीट चालत नाही, आणि दोष बिचाऱ्या किटला लागतो. उघडतानाच फोटो काढून ठेवा.

बेल्टमध्ये मात्र नुसत्या मापावर जाऊ नका. ज्या मोअरमध्ये बेल्ट सैल-घट्ट होऊन क्लचचं काम करतो, तिथे अरामिड (न ताणणारा, उष्णता सोसणारा धागा) दोऱ्याचा बेल्ट लागतो. त्याच मापाचा साधा व्ही-बेल्ट तिथे ताणला जातो, घसरतो, जळतो.

आणि पातं, पात्याचा बोल्ट, चेन ब्रेक (चेनसॉची चेन झटक्यात थांबवणारा भाग) यांत काटकसर अजिबात नको; ते कंपनीच्या पार्ट नंबरनेच घ्या. ब्रश कटरच्या पात्याचा नट बहुतेक यंत्रांवर उलट्या आट्यांचा असतो. तो हाताने सहज शेवटपर्यंत फिरत असेल तर आतली नायलॉनची पकड संपली आहे. नट बदलल्याशिवाय यंत्र सुरू करू नका.