लोर पाठ करू नका, बोलतंय कोण ते बघा

तर मंडळी, पुन्हा तोच प्रश्न. "ताई, ऑनलाइन गेमचं लोर समजून घ्यायचंय, सुरुवात कुठून करू?" आणि त्याच्याच खाली दुसरा: "डायलॉग कोण वाचतं, स्किप मारा, एक्सपी (अनुभवाचे गुण) तेवढाच मिळतो." मिळतो, बाबा, तेवढाच मिळतो. मिटलं भांडण.

लोर म्हणजे गेममधल्या जगाचा इतिहास, देव, जुनी वैरं. स्टोरी म्हणजे आत्ता तुमच्यासमोर घडतंय ते. झालं, पुढे.

माझं डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीवर. लोक चार-चार तासांचे टाइमलाइन व्हिडिओ बघतात, राजांची नावं घोकतात आणि मग कमेंटमध्ये येऊन भांडतात की "हेच खरं आहे." अरे, पण हे सांगितलं कोणी? गेममधल्याच कोणीतरी ना? मग त्या सांगणाऱ्याचा त्यात काही स्वार्थ आहे का, ते आधी बघा की!

एल्डर स्क्रोल्स ही गेमची मालिका घ्या. तिच्यातला जुना वीर नेरेवार कसा मेला? मंदिरवाले सांगतात, लढाईतल्या जखमांनी. ॲशलँडर टोळ्या सांगतात, त्याच्याच विश्वासू साथीदारांनी मारला. आता एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनच्या 2017 च्या मोरोविंड भागात तुम्ही कोणासाठी राबता? विव्हेकसाठी. म्हणजे त्याच संशयित साथीदारांपैकी एकासाठी! आणि तो तिथे चक्क देव म्हणून बसलाय. हे माहीत असेल तर त्याचं गोड बोलणं ऐकताना मान आपोआप तिरकी होते. याच गेममध्ये लोरची पुस्तकं सापडली की मेजेस गिल्डची (जादूगारांच्या संघाची) स्किल लाइन, म्हणजे कौशल्यांची पातळी, वाढते, म्हणून पब्लिक पुस्तक उघडतं आणि लगेच बंद करतं. मीही केलंय, खोटं कशाला बोलू. शेकडो पुस्तकं "वाचली" आणि एकाचाही लेखक आठवेना.

बरं, दरवेळी सांगणारा लबाडच असतो असं नाही. कधी त्याला बिचाऱ्याला पुरतं माहीतच नसतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या गेममधलं डॅरोशायर, पडकं गाव. तिथे पामेला नावाच्या लहान मुलीचं भूत आहे. तिला तिची बाहुली हवीय. बाहुलीचे तीन तुकडे: डोकं, डावी बाजू, उजवी बाजू. तुकडा उचलला की आजूबाजूला भुतं उठतात. पहिल्यांदा खेळले तेव्हा मी सगळं स्किप केलं, तुकडे जोडले, बाहुली दिली आणि पळाले. नंतर दुसऱ्या कॅरेक्टरने गेले आणि वाचलं. ती तिच्या बाबांची वाट बघत बसलीये. बाबा लढायला गेले, एवढंच तिला ठाऊक. त्यांचं काय झालं, ते कोणाच्या बाजूला गेले, हे पुढच्या क्वेस्टमध्ये (कामगिरीत) दुसऱ्यांच्या तोंडून कळतं. आधी मुलीचं ऐकलंच नसेल तर पुढचं कळून काय उपयोग? कोरडी माहिती. त्या दिवशी मी रेडला (सगळ्यांनी मिळून करायच्या मोठ्या लढाईला) उशिरा पोचले आणि कारण सांगायची लाज वाटली.

आता तिसरी गंमत. सांगणाऱ्याला आठवतच नाही! फायनल फँटसी फोर्टीन हा ऑनलाइन गेम 2010 मध्ये आला आणि सपशेल आपटला. मग बनवणाऱ्यांनी काय करावं? आकाशातला डालामुड नावाचा छोटा चंद्र महिन्यामहिन्याने मोठा दाखवत नेला. नोव्हेंबर 2012 मध्ये सर्व्हर बंद झाले, चंद्र कोसळला आणि त्यातून बाहामुट नावाचा प्रचंड ड्रॅगन निघाला. 2013 मध्ये नवा गेम आला, कथेत पाच वर्षं उलटलेली. त्या जगातल्या लोकांना तेव्हा लढलेले वीर (म्हणजे जुने खेळाडूच) आठवतात, चेहरे मात्र आठवत नाहीत, उन्हाकडे बघितल्यासारखे पुसट. जुने खेळाडू त्याच कॅरेक्टरने परत आले तर समोरचा त्यांनाच त्यांची गोष्ट ऐकवतो! आता इथे स्किप मारणाऱ्याला काय सांगणार तुम्ही?

एकाने विचारलंय, "क्वेस्टचा मजकूर सावकाश उमटतो, तो पटकन दिसायचं सेटिंग कुठे आहे?" जुन्या वॉरक्राफ्टमध्ये ऑप्शन्समध्ये आहे, इन्स्टंट क्वेस्ट टेक्स्ट. मी ते बंदच ठेवते. ओळी सावकाश येतात आणि तोवर गिल्डवाले (माझ्या गटातले खेळाडू) व्हॉइसवर ओरडत असतात, "कुठे अडकलीस?" डॅरोशायरला, दुसरं कुठे.