चित्रपट संकलन शिकायचे, पण कोठे?

नमस्कार, श्रोतेहो. निकालाचे दिवस आले की चित्रपट संकलन कोठे शिकावे, अशी विचारणा पालक करू लागतात. त्यांना मी भाच्याबरोबर पाहिलेल्या दोन संस्थांची हकीकत सांगतो.

पहिल्या संस्थेच्या स्वागतकक्षात सोनेरी चौकटीतील एका प्रमाणपत्राकडे बोट दाखवून 'आम्ही मान्यताप्राप्त आहोत' असे आम्हाला सांगण्यात आले. मी चष्मा लावून ते वाचले. ते आयएसओ ९००१ चे होते, म्हणजे व्यवस्थापनाविषयीचे. पदवी देण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. संगणक उत्तम होते, परंतु मुले इंटरनेटवरून उतरवलेली तयार दृश्ये कापत होती. वर्गमित्राने चित्रित केलेले, कुठे फसलेले, कुठे अपुरे राहिलेले रशेस, म्हणजे न कापलेले मूळ चित्रण, त्यांच्या वाट्याला आलेच नव्हते.

दुसऱ्या संस्थेत एक मुलगी आपल्याच वर्गातील दिग्दर्शकाशेजारी बसून साधे दृश्य जुळवत होती: आजोबा कप बशीत ठेवतात आणि सून मान वर करते. तिने कट चार फ्रेम आधी घेतला, म्हणजे सेकंदाचा अवघा सहावा भाग, आणि कपाचा आवाज सुनेच्या चेहऱ्यावर पडला. भाचा हळूच म्हणाला, "मामा, आता ती घाबरलेली वाटते." संकलन म्हणजे काय, हे त्याला तेव्हा उमगले. (चित्रपट संपताच श्रेयनामावली कापणाऱ्या वाहिन्यांनी हे काम एकदा जवळून पाहावे, असे मला मनापासून वाटते.)

म्हणून सांगतो, मान्यता कोणाची, हे नावानिशी विचारा. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच असतो, आणि बोगस विद्यापीठांची यादी आयोग स्वतः जाहीर करतो. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेली पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आणि कोलकात्याची सत्यजित राय संस्था या केंद्र सरकारच्या संस्था आहेत; संकलनाचे राष्ट्रीय पुरस्कार चार वेळा मिळवणाऱ्या रेणू सलुजा पुण्याच्याच विद्यार्थिनी. तेथे जागा मोजक्या असतात, त्यामुळे अनेकांना खासगी संस्थेचा विचार करावा लागतो. अशा वेळी प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचे मिळणार, याची खातरजमा त्या विद्यापीठाच्याच कार्यालयात करावी, आणि शुल्क भरण्यापूर्वी संकलन कक्षात अर्धा तास बसू देण्याची विनंती करून, समोर कापले जाणारे दृश्य कोणी चित्रित केले आहे, हे तेथील विद्यार्थ्यालाच विचारावे.