पाकीट उघडल्यावर आधी काय दिसतं?

हे टेबल बघा. एका बाजूला प्रश्नावल्या, दुसऱ्या बाजूला परतीची पाकिटं आणि मधे एक-एक डॉलरच्या कोऱ्या नोटांची थप्पी. पोस्टाने पाठवलेले सर्व्हे लोक भरत नाहीत ही तक्रार जुनीच आहे, पण आपण त्या घरात नेमकं काय पाठवतोय ते आधी बघायला हवं ना.

आता हा हात बघा. नोट पत्राच्या घडीत अशी बसवलीय की पाकीट उघडल्या उघडल्या ती दिसलीच पाहिजे. आधी सर्व्हे भरा मग पैसे देऊ म्हटलं की फारसं कोणी हलत नाही, पण छोटीशी रक्कम आधीच पाठवली, भरा किंवा नका भरू ती तुमचीच, तर उत्तरं जास्त येतात, हे कित्येक प्रयोगांत दिसलंय. ही लाच नाही हो, आपण त्यांच्यावर आधी विश्वास टाकतोय.

पत्ता हाताने लिहिलेला. परतीच्या पाकिटावर खरं तिकीट, कारण न वापरलेलं तिकीट कचऱ्यात टाकणं जिवावर येतं. आणि पत्रातली ही ओळ, घरातल्या ज्या मोठ्या माणसाचा वाढदिवस सगळ्यात आधी येतोय त्यानेच भरावं, नाहीतर दरवेळी टपाल उघडणाराच भरून मोकळा होतो.

पाकीट पाठवल्यानंतर कधी आणि कशी आठवण करायची, ही शिस्त अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ डॉन डिलमन यांनी १९७८ च्या पुस्तकात नीट बसवून दिली. आठवड्याभराने सगळ्यांना एक कार्ड, भरला असेल तर आभार, नसेल तर आठवण. तिसऱ्या आठवड्यात, उत्तर न आलेल्या घरांना नवं पत्र आणि प्रश्नावलीची नवी प्रत, कारण पहिली कुठेतरी रद्दीत गेलेली असते. सातव्या आठवड्यात रजिस्टर टपालासारखं, सही घेऊन हातात दिलं जाणारं पत्र.

एवढा खटाटोप कशाला, तर थोड्यांचीच उत्तरं आली की अंदाज कसा फसू शकतो बघा. १९३६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या तिथल्या साप्ताहिकाने कौल घ्यायला सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, परत आल्या तेवीस लाखांच्या आसपास, त्यावरून लँडन हे उमेदवार जिंकणार म्हणून छापलं आणि त्यांच्यासमोरचे रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले.

प्रश्नावलीच्या कोपऱ्यातला हा नंबर दिसतोय? तो कशासाठी ते पत्रात आधीच सांगितलेलं असतं. पाकीट परत आलं की यादीतला तो नंबर खोडायचा, म्हणजे उत्तर दिलेल्या घराला उगाच पुन्हा टोचणी नको.

ही आज सकाळच्या टपालातली पाकिटं, आणि ही यादी.