गुत्त्याचा मालक कोण?

(दृश्य: जुन्या शहरातली अरुंद गल्ली, दुपारची वेळ. अर्ध्यावर उचललेलं शटर.)

निवेदन :

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, पण जुन्या शहरातल्या गल्ल्या होत्या तशाच आहेत. अशाच एका गल्लीत ही परमिट रूम आहे. नेमकी कुठली, ते सांगणार नाही. चित्रीकरणाला होकार देताना मालकाची तेवढीच अट होती. शिवाय इथं येऊन बसणाऱ्या निम्म्या लोकांच्या घरीही हा पत्ता माहीत नाही!

गल्ल्यावर बसलेत ते मालक. जुनी गिऱ्हाइकं त्यांना शेठ म्हणतात. साठी केव्हाच उलटली. आजोबांचा शिंदी-दारूचा गुत्ता होता, वडिलांचं देशी दारूचं दुकान, आणि यांची ही परमिट रूम. तीन पिढ्या, तीन राजवटी म्हणा हवं तर. पाठीमागच्या भिंतीवर गणपती आहे, आजोबांचा हार घातलेला फोटो आहे, आणि या दोघांपेक्षाही ठळक जागी, काचेच्या फ्रेममध्ये, सरकारी परवाना. कायद्याप्रमाणे तो दिसेल असा लावावा लागतो. गणपतीवर ती सक्ती नाही.

(दृश्य: परवान्यावरून कॅमेरा आजोबांच्या फोटोवर.)

आजोबांचा काळ निजामाचा. त्या राज्यात जमीन महसुलाच्या जोडीने ज्या मोजक्या खात्यांवर खजिना चालायचा, त्यांतलं एक आबकारी, म्हणजे दारूवरच्या कराचं खातं. दारूचे हक्क हर्रासात, म्हणजे लिलावात निघायचे. ज्याची बोली वरचढ तो गुत्तेदार. त्यानं सरकारात ठरलेली रक्कम भरायची आणि खाली गावोगावच्या दुकानदारांकडून ती काढून घ्यायची. पाऊस पडो न पडो, गिऱ्हाईक येवो न येवो, हप्ता ठरलेला. कलालाच्या, म्हणजे दारू गाळून विकणाऱ्याच्या, हातात उरायचं माप, आणि पदरात पडायच्या शिव्या. पिणाऱ्याच्या बायकोच्या शिव्या कलालाला, आणि रक्कम सरकारला, अशी ती वाटणी होती.

माल दोन तऱ्हेचा. एक मोहाची दारू. किनवट-माहूरच्या जंगलात उन्हाळा लागता लागता पहाटे मोहाची फुलं टपटपतात. ती वेचायची, वाळवायची, भिजवून आंबवायची आणि भट्टीवर चढवायची. हा माल टिकायचा. दुसरी शिंदी, आणि तिची गोष्ट जरा वेगळी आहे.

(दृश्य: शिंदीचं झाड, बुंध्यावर जुन्या खाचांचे वळसे.)

शिंदीच्या झाडाला शेंड्याजवळ, पानांच्या बुडाशी तासून खाच पाडतात. खाचेखाली मडकं बांधतात. रात्रभर थेंब थेंब रस झिरपतो. पहाटे उतरवला तर पोरासोरांनी प्यावा इतका गोड. ऊन चढलं की तोच रस आंबायला लागतो, वर फेस धरतो, आणि दुपारी पिणाऱ्याला जे हवं असतं ते त्यात आलेलं असतं. संध्याकाळपर्यंत इतका आंबट होतो की तोंडाला लावू नये. म्हणजे हा माल साठवायचा नाहीच. सकाळी झाडावरून उतरला, दिवसभरात खपला पाहिजे. त्यामुळे शिंदीखाना हा दिवसाउजेडी चालणारा धंदा होता. झाडाखाली नाहीतर छपराखाली, मडकं आणि मोगा, बसायला जमीन. आजची खुर्ची-टेबलं, निळे दिवे आणि पडदे ओढलेल्या केबिनी हे सगळं नंतरचं.

आणि कर कशावर? झाडावर. छेदायच्या झाडागणिक कर. माळावर आपोआप उगवलेलं शिंदीचं झुडूप, ज्याला कुणी पाणी घातलं नाही, ते निजामाच्या हिशेबात खजिन्याची एक कडी होतं.

हे ध्यानात घेतलं की पुढची गोष्ट नीट कळते. ७ ऑगस्ट १९४७ पासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने सत्याग्रह पुकारला. संस्थान भारतात विलीन करा, ही मागणी. पुढं वर्षभर मराठवाड्यात जे जे झालं त्यात साराबंदी होती, जंगल सत्याग्रह होता, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यांवरचे हल्ले होते, आणि शिंदीची झाडं तोडणंही होतं. रात्री कुऱ्हाडी घेऊन पोरं निघायची आणि शिंदीची रांगच्या रांग आडवी करायची. दारूबंदीचा गांधीवादी विचार त्यात होताच, पण नेम धरलेला होता निजामाच्या तिजोरीवर.

मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत ही झाडं दरवर्षी येतात. मात्र झाडावर चढणारा आणि मडकं विकणारा माणूस त्या भाषणांत येत नाही. त्याचं काय झालं? शेठच्या घरात सांगतात ते असं, की आजोबांची झाडं गेली तरी त्या हंगामाचा हप्ता भरावाच लागला. झाडं तोडणाऱ्यांत ओळखीची पोरं होती, त्यामुळे तक्रारही करता आली नाही. केली असती तर रझाकारांचा माणूस ठरले असते. ही घरातली आठवण आहे, तिला कागदाचा पुरावा नाही. तरी मला ती खरी वाटते, कारण अशा वेळी दोन्हीकडून मार खाणारा माणूस प्रत्येक गावात असतो. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं. शेठ त्या दिवशी झेंडावंदनाला जातात, आणि आल्यावर दुकान उघडत नाहीत.

(दृश्य: छावणीतला रस्ता, जुने बंगले.)

शहरात पिण्याची आणखी एक दुनिया होती, तीही सांगून टाकू. खाम नदीपलीकडच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटचं, म्हणजे निजामाच्या पैशावर पोसलेलं पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालचं, लष्कर असायचं. हिंगोलीत आणि मोमिनाबादेत, म्हणजे आपल्या अंबाजोगाईत, याच फौजेची ठाणी होती. १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानी सैन्यात मिसळून टाकली. साहेबाची दारू बाटलीतून यायची आणि साहेबापाशीच राहायची. गुत्त्यावरच्या माणसाचा तिच्याशी संबंध रिकाम्या बाटलीपुरता.

आता वडिलांचा काळ. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या राज्यात मोरारजीभाईंच्या कारकिर्दीपासून कडक दारूबंदी. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ मध्ये आपल्याकडेही लागू केला गेला. ज्या धंद्यासाठी सरकार पिढ्यान्‌पिढ्या बोली लावून घेत होतं, तोच धंदा आता गुन्हा ठरला. वडिलांनी किराणा दुकान टाकलं.

पिणारे कुठं गेले? कुठंच नाही. काळा गूळ, नवसागर आणि पत्र्याचा डबा, एवढ्यावर हातभट्टी उभी राहते. रबरी ट्यूबमध्ये भरलेला माल सायकलवरून यायचा. मोहाच्या दारूत निदान कलालाचा हात असायचा, त्याच्या नावाला बट्टा लागायची भीती असायची. हातभट्टीवाल्याला नावच नव्हतं. दारूबंदीने दारू गेली नाही, ती विकणाऱ्याची जबाबदारी तेवढी गेली. दारूबंदीवाल्यांना हे आवडणार नाही, पण मला तरी असंच दिसतं.

पुढं बंदी हळूहळू सैल झाली. १९७३ मध्ये महाराष्ट्राचे देशी दारूचे नियम आले. मळीपासूनचं मद्यार्क, त्याला संत्र्याचा वास, सीलबंद बाटली, सरकारचं लेबल. वडिलांनी किराणा गुंडाळला आणि परवाना काढला. आजोबांचा माल झाडावरून यायचा, वडिलांचा कारखान्यातून. आजोबा चव बघून सांगायचे की हे झाड कुणाच्या बांधावरचं. वडिलांना सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. बुच फोडायचं आणि पैसे घ्यायचे. शिंदी मात्र तेलंगणच्या शिवेवर, बिलोली-धर्माबादकडे तग धरून राहिली. तिथंही आता झाडं कमी आणि पिणारे जास्त, म्हणून क्लोरल हायड्रेट या गुंगी आणणाऱ्या रसायनाची पूड कालवून खोटी शिंदी विकली जाते. ती माणसं मारते.

(दृश्य: काउंटरवर परवान्यांचं पुस्तक. शेठची बोटं पान उलटताना.)

हे पुस्तक बघा. महाराष्ट्रात दारू प्यायची तर पिणाऱ्याकडेही परवाना लागतो, हे किती पिणाऱ्यांना माहीत असेल? मुंबई दारूबंदी कायद्याचं नाव आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा झालंय, पण तो रद्द झालेला नाही. राज्यात रोज इतकी दारू खपते, ती सगळी दारूबंदीच्याच कायद्याखाली. देशीसाठी एक दिवसाचा परवाना २ रुपयांचा, विदेशीसाठी ५ रुपयांचा. वर्षाचा १०० रुपयांचा आणि जन्मभराचा १,००० रुपयांचा. बिअरला वय २१ पूर्ण, कडक दारूला २५.

गिऱ्हाईक काही परवाना मागत नाही. त्याला पाहिजे क्वार्टर, सोबत फुटाणे, कांदा-लिंबू, जमलं तर उकडलेली अंडी. मग परवाने फाडायचे कुणी? शेठनी. रोज रात्री हिशेब झाल्यावर ते चष्मा लावून बसतात आणि माल जितका गेला त्या मानाने परवाने लिहितात. नावं कुठून आणतात, ते आम्ही कॅमेऱ्यासमोर विचारलं नाही.

सरकार गल्ल्यावर बसलेलं नाही, पण रजिस्टरमध्ये आहे, बाटलीच्या लेबलात आहे, गांधी जयंतीच्या नि आषाढी एकादशीच्या बंद शटरमध्ये आहे. ३१ मार्च जवळ आला की शेठची झोप उडते. नूतनीकरणाची फी आधी भरायची, वर्षभराचा धंदा नंतर करायचा. आजोबांच्या हर्रासापेक्षा यात वेगळं काय, असं शेठना विचारलं. ते म्हणाले की आजोबांना निदान बोली लावायला तरी मिळत होती.

गेल्या काही वर्षांतले दणके तर सगळ्यांना आठवतात. २०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडीनं तळ गाठला, लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यानं आणि मग ६० टक्क्यांनी तोडलं. वाळूज-चिकलठाण्याची बिअर देशभर जाते, आणि ती ज्या धरणाच्या पाण्यावर तयार होते त्याच धरणाकडे तहानलेली गावं बघत असतात. हा राग खोटा नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू नको म्हणून सांगितलं. १ एप्रिल २०१७ ला हमरस्त्यावरच्या भल्या भल्या बारना कुलपं लागली. जुलैमध्ये शहरी हद्दीपुरता खुलासा झाल्यावर शहरातली कुलपं निघायला लागली. गल्लीतल्या शेठना त्याची झळ लागली नाही. उलट ते तीन महिने बसायला जागा नव्हती, असं वेटर सांगतो.

शेठना भीती वाटते ती वेगळीच, मतदानाची. वॉर्डातल्या पुरेशा बायकांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला नियमात ठरलेली मतं पडली की दुकान बंद. खेड्यापाड्यांत बायकांनी या मतदानात भले भले दुकानदार आडवे केलेत. शेठच्या गल्लीत अजून कुणी सह्या गोळा केल्या नाहीत. केल्या तर स्वतःच्या घरातली मतं कुठं पडतील, हे त्यांनी आम्हाला हसत हसत सांगितलं. मोजून चार मतं आहेत, आणि चारही आडवी.

(दृश्य: गल्ल्याच्या खणातून काढलेला कागद.)

परवाना शेठच्या नावावर आहे. मुलाला भागीदार म्हणून घ्यायचं तर खात्याकडे अर्ज करावा लागतो, फी भरावी लागते. अर्ज टाइप करून तयार आहे, शेठची सहीही झाली आहे. मुलगा पुण्याला नोकरी करतो. दिवाळीला आला होता, तेव्हा त्यानं कागद वाचला, दोन चुका काढल्या आणि सही न करता परत ठेवला. चुका दुरुस्त करून शेठनी नवा अर्ज टाइप करून घेतलाय. नूतनीकरणाच्या आत तो द्यायचा, असा त्यांचा बेत आहे.