पाणी आल्यानंतरचे काम

मित्रहो,

ग्रामीण पाणीपुरवठ्याविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा मंजुरी, निधी आणि उद्घाटन यांविषयीच बोलतो. मला आज उद्घाटनानंतरच्या वर्षांविषयी बोलायचे आहे. कारण गरिबाच्या घरातले पाणी पिण्याजोगे राहते की नाही, याचा निकाल त्या वर्षांत लागतो.

हातपंपापासून सुरुवात करू. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. १९७२ च्या दुष्काळात हाताने खणलेल्या विहिरींनी तळ गाठला, तेव्हा या खडकातल्या खोल भेगांपर्यंत पोहोचणारे बोअर आणि त्यांवरचे हातपंप हाच असंख्य खेड्यांचा आधार ठरला. परंतु त्या काळचे ओतीव लोखंडाचे पंप एकेका कुटुंबाच्या अंगणासाठी आखलेल्या परदेशी नमुन्यांवर बेतलेले होते. पहाटेपासून रात्रीपर्यंत सारे गाव ज्याच्या दांड्यावर जोर लावते, अशा वापरात त्यांचे सांधे झिजून पंप लवकरच बंद पडत. यावरचा उपाय आपल्याच मुलखात निघाला. मिशनरी संस्थांच्या कामातून आधी जालना पंप आणि पुढे सोलापूर पंप तयार झाला. अनेक सांध्यांऐवजी एकच सांधा, त्यात बेअरिंग, आणि पंपाच्या आतली सळई सरळ रेषेत ओढली जावी म्हणून दांड्याला जोडलेली साखळी, एवढाच त्यातला महत्त्वाचा बदल होता. याच रचनेच्या आधारे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क २’ हा पंप घडला. त्यावर कोणाचे पेटंट नाही, म्हणून तो अनेक कारखान्यांत बनू शकला आणि आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत पोहोचला. मला या इतिहासाचा मनापासून अभिमान वाटतो.

तरीही हा मजबूत पंपसुद्धा वायसर झिजला की थांबतो, आणि मार्क २ चा वायसर बदलायचा म्हणजे जमिनीखालचे सगळे पाइप वर काढावे लागतात. त्याला कप्पी, माणसे आणि पंचायत समितीची गाडी लागते. ती येईपर्यंत गावातल्या बायका पुन्हा ओढ्याच्या झऱ्यावर जातात. म्हणूनच पुढे ‘मार्क ३’ मध्ये पाइप रुंद करून वायसर बसवलेला दट्ट्या वरच्या वर काढता येईल अशी सोय केली गेली. राजस्थानात तिलोनिया या गावातल्या एका स्वयंसेवी संस्थेने गावातल्याच माणसांना, स्त्रियांनाही, हातपंप मिस्त्रीचे काम शिकवले, त्यामागेही हाच विचार होता. दुरुस्ती गावाच्या हातात असेल, तरच पाणी गावाच्या हातात राहते.

शुद्धीकरणाचेही तसेच आहे. साथ आली की टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरीची, आठवण होते. खरे तर ते रोजचे काम आहे. ते कसे करायचे, हे मी थोडे तपशिलाने सांगतो. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल, तर ते सुमारे ३७ हजार ७०० लिटर होते. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. ती हजार लिटरला अडीच ग्रॅम धरली, तर या विहिरीला ९४-९५ ग्रॅम लागते, आणि पाणी गढूळ असेल तर त्याहून अधिक. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत खाली-वर हलवत सोडायची. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी उपसायचे नाही. शेवटच्या घरच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे का, हे ओटी टेस्टमध्ये, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून केलेल्या चाचणीत, येणाऱ्या पिवळ्या रंगावरून कळते. यात अवघड काहीच नाही. परंतु उघड्या पोत्यात, ओलसर खोलीत महिनोन्‌महिने पडलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो, आणि मग जलसुरक्षक, म्हणजे पाणी शुद्ध करण्याचे काम पाहणारा गावातला माणूस, इमानाने टाकतो तो निव्वळ चुना असतो. म्हणून पावडर किती आली याच्याबरोबरच ती कधी आली आणि कशी ठेवली, हे ग्रामसभेने विचारले पाहिजे.

शौचालयाला मी पाण्यापासून वेगळे मानत नाही. खडकाच्या ज्या भेगांतून विहिरीला झरा मिळतो, त्याच भेगांतून खड्ड्यातला मैलाही तिथे पोहोचू शकतो. दोन खड्ड्यांचे शौचालय उथळ आणि स्वस्त असते. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा; पहिला किमान वर्षभर, शक्यतो दोन वर्षे, झाकून ठेवला की त्याचे खत होते आणि कोणाला मैल्यात हात घालावा लागत नाही. तरीही अनेक जण खड्डा लवकर भरेल या भीतीने एकच खोल खड्डा खणतात. गाडगेबाबा दिवसा स्वतः गाव झाडत आणि रात्री कीर्तनातून त्याच गावाशी बोलत. २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा गावांनी श्रमदानातून आणि चढाओढीने बरेच काम करून दाखवले. याउलट, लोकांशी न बोलता केवळ अनुदानावर बांधलेल्या अनेक शौचालयांत जळण आणि कडबा भरलेला आढळला.

आणखी एक गोष्ट, जी अभियंत्यांच्या आराखड्यात दिसत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला. महाड नगरपालिकेनेही तो स्वीकारला. तरी चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडले. ठराव आणि घोटभर पाणी यांच्यात केवढे अंतर असू शकते, हे तिथे दिसले. आजही टाकी कुठे बसते, चढावरच्या वस्तीला पाणी पोहोचते का, व्हॉल्व्ह कोणाच्या हातात आहे, यावर ते अंतर मोजता येते.

२०१९ च्या जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाला देण्याचे उद्दिष्ट ठेवले. एकेकाळच्या ४० लिटरच्या मानाने हे मोठे पाऊल आहे. परंतु नळ म्हटला की मोटर आली, वीजबिल आले. पाणीपट्टी वसूल झाली नाही की बिल थकते, जोडणी तुटते, आणि ज्यांच्याकडे स्वतःचे बोअर नाही त्यांचेच हाल होतात. म्हणून पाणीपट्टी कुवतीप्रमाणे ठरावी, जलसुरक्षकाचे मानधन वेळेवर मिळावे आणि जमाखर्च दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. पाणीपुरवठा समितीतल्या निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. त्यांची सही घरी पाठवलेल्या वहीवर घेण्याची पद्धत बंद करून बैठक त्यांच्या सवडीच्या वेळी ठेवावी, कारण कोणत्या गल्लीत किती दिवसांनी पाणी येते, हे त्यांना विचारल्याशिवाय कोणालाच नेमके सांगता येणार नाही.