एफपीएस साठ, तरी खेळ अडखळतो

(दृश्य : मॉनिटरचे जवळून, संथगतीत घेतलेले चित्रण. खेळातील कॅमेरा डावीकडून उजवीकडे वळतो आहे.)

दगडी खांबांच्या रांगेवरून नजर फिरते आणि प्रत्येक खांब मधोमध कापल्यासारखा दिसतो. वरचा तुकडा मागे राहिलेला, खालचा थोडा पुढे सरकलेला. पीसीवर खेळणारे याला ‘टेअरिंग’ म्हणतात. त्याच क्षणी स्क्रीनशॉट घेतला, तर त्यात मात्र खांब अखंड असतो, कारण स्क्रीनशॉट ग्राफिक कार्डाकडे तयार असलेले पूर्ण चित्र उचलतो आणि चित्र फाटते ते त्यानंतर, मॉनिटरवर उतरताना. म्हणूनच हा दोष दाखवायचा असेल, तर पडद्यासमोर कॅमेरा ठेवावा लागतो. त्यातही एक गोम आहे : आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दिवे लुकलुकू नयेत म्हणून शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवले, तर ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला साठ वेळा चित्र नव्याने उतरवणाऱ्या, पडद्यावर सरकते पट्टे उमटू शकतात, आणि तो दोष कॅमेऱ्याचा असतो, खेळाचा नव्हे.

मॉनिटर संपूर्ण चित्र एका क्षणात बदलत नाही. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत चित्र नव्याने उतरवतो आणि त्याची ही लय ठरलेली असते. ग्राफिक कार्डाला अशी लय नसते. रिकामा बोळ रंगवायला त्याला नऊ मिलिसेकंद पुरतात, तर धूर, ज्वाळा आणि पाचपन्नास शत्रू एकदम समोर आले की बावीसही लागतात. मॉनिटर अर्ध्या वाटेवर असताना कार्डाने पुढचे चित्र हाती दिले, तर उरलेल्या ओळी त्या नव्या चित्रातल्या उतरतात, आणि खांब कापला जातो तो नेमका तिथे.

यावरचा जुना उपाय म्हणजे व्ही-सिंक. पिक्चर ट्यूबच्या काळात इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्याच्या तळाशी पोचून पुन्हा वर जायला जो अवधी घेई, त्या अवधीतच चित्र बदलावे, ही त्यामागची कल्पना. ट्यूब गेली, तरी तो अवधी सपाट मॉनिटरच्या संकेतांतही टिकून राहिला. व्ही-सिंक लावताच चित्र फाटणे थांबते, मात्र त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. कार्डाला एक चित्र पूर्ण करायला १६.७ ऐवजी १७ मिलिसेकंद लागले, तर मिनिटभराच्या उशिराने एसटी चुकलेल्या प्रवाशाप्रमाणे त्या चित्राला पुढच्या फेरीपर्यंत थांबावे लागते, आणि ते पडद्यावर येते ते थेट ३३.३ मिलिसेकंदांनी. साध्या, दोन बफरांच्या (चित्र ठेवण्याच्या दोन जागांच्या) व्ही-सिंकमध्ये तोवर कार्डही हातावर हात ठेवून बसते, त्यामुळे दोन टक्क्यांच्या उशिरापायी साठ एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला साठ चित्रांचा, खेळ तीसवर येतो. तिसरा बफर दिला की कार्ड पुढच्या कामाला लागू शकते, परंतु माऊस हलवणे आणि ती हालचाल पडद्यावर दिसणे यांतले अंतर वाढू शकते, आणि नेमबाजीच्या खेळात ते हाताला लगेच जाणवते.

कार्डाने मॉनिटरसाठी थांबण्याऐवजी मॉनिटरनेच कार्डासाठी थांबावे, हा विचार बाजारात आला तो ऑक्टोबर २०१३ मध्ये, ग्राफिक कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने मॉन्ट्रियल येथे जी-सिंक जाहीर केले तेव्हा. त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळा इलेक्ट्रॉनिक भाग बसवावा लागे आणि किंमत त्या मानाने वाढे. २०१४ मध्ये व्हेसा या मानक संस्थेने हीच सोय डिस्प्लेपोर्ट या मॉनिटर-जोडणीच्या मानकात ऐच्छिक म्हणून घेतली, एनव्हिडियाच्या प्रतिस्पर्धी एएमडीने तिच्यावर फ्रीसिंक उभे केले, आणि जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानेही आपल्या कार्डांना असे मॉनिटर चालू दिले. आज मध्यम किमतीच्या मॉनिटरमध्येही ही सोय मिळते. प्रश्न तिच्या मर्यादांचा आहे. एखाद्या मॉनिटरची मर्यादा ४८ ते ७५ हर्ट्झ असेल आणि खेळ ४२ एफपीएसवर उतरला, तर ही सोय त्या क्षणी गळून पडते. ४८ ते १४४ असेल, तर प्रत्येक चित्र दोनदा दाखवून ४२चे ८४ करता येतात. त्यासाठी वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक असावी लागते. खोक्यावर छापलेल्या ‘फ्रीसिंक’ या शब्दापेक्षा हे दोन आकडे अधिक सांगतात.

वरच्या टोकालाही सोय सुटते. म्हणून १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळाला १४१ एफपीएसचा लगाम घालून ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) व्ही-सिंक चालू ठेवण्याची रीत रूढ झाली, आणि ती योग्य आहे.

(दृश्य : पडद्याच्या कोपऱ्यात एफपीएसचा आकडा. आकडा ६०. खेळ मध्येच गचका देतो. आकडा ६०च.)

इथून पुढचा दोष मॉनिटरच्या हद्दीबाहेरचा आहे. एका सेकंदात ५९ चित्रे प्रत्येकी १४ मिलिसेकंदांत आली, म्हणजे ८२६ मिलिसेकंद गेले. उरलेले एक चित्र १७४ मिलिसेकंदांनी आले. बेरीज एक सेकंद, चित्रे साठ, आणि कोपऱ्यातला आकडा समाधानाने साठ दाखवतो, पण डोळ्याला मात्र सेकंदाचा सहावा हिस्सा खेळ गोठलेला दिसतो. समीक्षकही अनेक वर्षे हाच सरासरीचा आकडा छापत होते. २०११ मध्ये ‘द टेक रिपोर्ट’ या हार्डवेअर-समीक्षेच्या संकेतस्थळाचे संपादक स्कॉट वॉसन यांनी प्रत्येक चित्राला लागलेला वेळ स्वतंत्रपणे मांडायला सुरुवात केली, आणि त्या आलेखात सरासरीने झाकलेले सुळके उघड झाले. आज तेच काम इंटेलचे प्रेझेंटमॉन किंवा कॅपफ्रेमएक्स ही मोफत साधने घरच्या पीसीवर करतात.

आलेख हाती आला की सुळक्याच्या उंचीइतकेच महत्त्व त्याच्या वेळेला द्यावे. अडखळणे कधी येते, कुठे येते आणि दुसऱ्यांदा येते का, या तीन प्रश्नांची उत्तरे नोंदवण्याआधी एकही सेटिंग बदलू नये. वीस सेटिंग एकदम बदलणारा माणूस खेळ सुरळीत झाला तरी काय दुरुस्त झाले ते सांगू शकत नाही.

पहिल्या वेळी अडखळले आणि त्याच जागी परत गेल्यावर अडखळले नाही, तर संशय शेडरवर घ्यावा. ज्वाळेचा रंग, पाण्यावरची चकाकी, चिलखतावरचा उजेड या प्रत्येकासाठी कार्डाला छोटा प्रोग्राम, म्हणजेच शेडर, लागतो आणि तो त्या विशिष्ट कार्डासाठी, त्या विशिष्ट ड्रायव्हरकडून तयार व्हावा लागतो. प्लेस्टेशनसारख्या कन्सोलमध्ये हार्डवेअर ठरलेले असल्याने हे काम खेळ तयार करतानाच उरकते; पीसीवर ते पहिली ज्वाळा भडकते त्या क्षणी होऊ शकते, आणि खेळ तेवढा वेळ थांबतो. एकदा तयार झालेला शेडर डिस्कवर जपून ठेवला जातो, पण ड्रायव्हर बदलला की तो साठा बहुधा निरुपयोगी होतो. नव्या ड्रायव्हरनंतर पहिल्या संध्याकाळी खेळ अधिक अडखळला, तर ड्रायव्हर वाईट आहे असा निष्कर्ष घाईने काढू नये.

तरीही प्रत्येक गचक्याचे खापर शेडरवर फोडणे बरोबर नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘एल्डन रिंग’ हा खेळ पीसीवर आला आणि मोकळ्या मैदानात घोडा दौडवताना तो अडखळू लागला. वाल्व्ह या कंपनीच्या अभियंत्यांनी आपल्या स्टीम डेक या हातातल्या खेळयंत्रावर, म्हणजे लिनक्सवर, तो सुरळीत करून दाखवला, तेव्हा शेडरचा प्रश्न सुटला असेच बहुतेकांना वाटले. वाल्व्हचे पिअर-लू ग्रिफे यांनी दिलेले स्पष्टीकरण वेगळे होते : मोठ्या गचक्यांपैकी बहुतेक शेडरमुळे नव्हते, काही जागी खेळ एकाच वेळी हजारो कमांड बफर (कार्डासाठीच्या सूचनांचे गठ्ठे) निर्माण करत होता आणि ते सांभाळताना स्मृतीची व्यवस्था पाहणारा भाग धापा टाकत होता. तो भाग सुधारला आणि गचके गेले.

(दृश्य : विंडोजचा डेस्कटॉप. कोणताही खेळ चालू नाही. गाणे चालू असताना आवाज एकाएकी चिरकतो, माऊसचा बाण थबकतो.)

डेस्कटॉपवरही असे घडत असेल, तर खेळाची सेटिंग उघडण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आले ते टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था सक्तीची करून, आणि एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या अनेक पीसींवर लोकांनी ती बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमधून, चालू केली. त्यानंतर अधूनमधून, कसलाही नेम नसताना, संपूर्ण यंत्र क्षणभर गोठू लागले. मार्च २०२२ मध्ये एएमडीने कारण जाहीर केले : प्रोसेसरमधला हा टीपीएम मदरबोर्डवरच्या फ्लॅश स्मृतीशी कधीकधी लांबलचक व्यवहार करत असे आणि तेवढ्यात बाकीचे काम खोळंबत असे. दुरुस्ती मे २०२२ पासून नव्या बायोसमधून मिळू लागली. तोवर किती जणांनी ग्राफिक कार्ड बदलून पाहिले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. जुन्या रायझन पीसीवर आजही आवाजासकट गचका येत असेल, तर आधी बायोसची आवृत्ती पाहावी.

सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे सुखाची जातात आणि मग खेळ जड होतो, तेव्हा कारणे मुख्यतः दोन. कार्डाची स्वतःची स्मृती, म्हणजे व्हीरॅम, भरली, की टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) पीसीच्या रॅममधून ये-जा करू लागतात आणि ती वाट अरुंद असते. टेक्स्चरचे सेटिंग एक पायरी खाली आणताच फरक दिसतो. दुसरे कारण उष्णता. विदर्भातल्या मे महिन्यात पंख्याखाली चालणारा लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. तापमान आणि वेग एकाच आलेखावर पाहिले की दोहोंत गल्लत होत नाही. पीसी जोडून घेताना ‘दुसरी नंतर टाकू’ म्हणून एकच रॅमची पट्टी बसवण्याची सवयही प्रोसेसरचा हात आखडते.

अगदी नेमाने येणारा झटका हा मात्र बहुधा गणिताचा असतो. मॉनिटर ५९.९४ हर्ट्झवर आणि खेळ नेमक्या ६० एफपीएसवर असेल, तर दर सतरा सेकंदांच्या आसपास एक चित्र गाळले जाते. ‘एल्डन रिंग’ला पीसीवर ६० एफपीएसची मर्यादा आहे, आणि १४४ला ६०ने भागले तर २.४ येतात, म्हणून स्थिर १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर त्याचे एक चित्र दोन फेऱ्या टिकते, तर दुसरे तीन. तोच मॉनिटर १२० हर्ट्झवर आणला, की प्रत्येक चित्र बरोबर दोन फेऱ्या टिकते आणि वेग कमी करूनही चाल सुधारते.

खेळाडूच्या हातात नसलेला एक प्रकार उरतो. दार उघडले, सीमा ओलांडली, की प्रत्येक वेळी त्याच जागी गचका येतो, कारण पुढचा प्रदेश त्या क्षणी स्मृतीत उतरवला जात असतो. एसएसडीने तो थोडा कमी होतो, ग्राफिक्स खाली आणून क्वचितच. असा खेळ महागड्या कार्डावरही तिथेच अडखळतो, म्हणून त्यापायी नवा भाग विकत घेऊ नये. खेळ एरवीही साठवर टिकत नसेल, तर १२० हर्ट्झच्या मॉनिटरवर ४० एफपीएसची मर्यादा घालून पाहावी. प्रत्येक चित्र तीन फेऱ्या, म्हणजे २५ मिलिसेकंद टिकते, आणि तो अवधी साठ एफपीएसच्या १६.७ आणि तीसच्या ३३.३ यांच्या बरोबर मध्यावर येतो.